पुढचे दोन दात

३ फेब्रुवारी, मंगळवार

दातांवर बसवायच्या तीन कॅप माझ्यासमोर मांडल्या आणि डॉक्टर म्हणाली, "काकू, घाई नाही. अठरा तारखेला माप घेऊ, तोवर ठरवा." जणू मी पडद्याचं कापड निवडायला आलेय!

एक मेटलची, वरून पांढरी. ती तिनेच बाजूला सारली. काही वर्षांनी हिरडीपाशी काळपट रेघ दिसायला लागते म्हणे, आणि मी हसले की हिरड्या दिसतात. (दिसायच्या. हल्ली हसतंय कोण!) राहिल्या दोन. एक काचेच्या जातीच्या सिरॅमिकची. तिच्यातून थोडा उजेड आत जातो, शेजारच्या दातांत मिसळून जाते, कुणाला कळणारही नाही. दुसरी झिरकोनियाची. दणकट. फक्त जरा जास्तच पांढरी दिसेल, भिंतीला नुकता रंग दिल्यासारखी. पुढच्या दातांना डॉक्टर काचेचीच सुचवते. पण त्याआधी तिने विचारलं, झोपेत दात खाता का? चक्कर येते का? म्हणजे पुन्हा पडण्याची भीती?

मी नाही म्हणाले. बाथरूममध्ये घसरले असं सांगितलंय ना तिला. माझी थोरली बहीण, ताई, सोडून सगळ्यांनाच तसं सांगितलंय.

इथे तरी खरं लिहावं. घसरले नाही. कपाटाच्या किल्ल्या दिल्या नाहीत म्हणून आमच्या चिरंजीवांनी तोंडावर मारलं. प्यायलेला होता. दुसऱ्या दिवशी ताईने त्याला व्यसनमुक्ती केंद्रात नेऊन सोडलं. पंधरा तारखेला तो घरी येतोय.

४ फेब्रुवारी, बुधवार

दुकानात दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे चढवायचे आणि आरसा धरायचा, हे माझं काम. फ्रेम हातात घेतली की निम्मी गिऱ्हाइकं विचारतात, तुटणार नाही ना? माझा प्रश्न ठरलेला — घरात कोण कोण आहे? लहान मूल असेल तर वाकणारी प्लास्टिकची फ्रेम. एकटा माणूस असेल तर खुशाल काडीसारखी नाजूक घ्या, कुणी हात लावणार नाही.

आज एका आजोबांना हेच विचारलं आणि माझा प्रश्न मलाच ऐकू आला. घरात कोण कोण आहे? ते बिचारे उत्तर देत राहिले, मी फ्रेम पुसत राहिले.

सध्या दोन प्लास्टिकच्या तात्पुरत्या कॅप आहेत. जिभेला परक्या लागतात. बोलताना हात आपोआप तोंडापुढे जातो. मालक म्हणाले, बाई, नव्या नवरीसारख्या लाजता काय! सगळे हसले. मीही हसले, हाताआड.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

ताई सुताराला घेऊन आली. माझ्या खोलीच्या दाराला आतून कडी बसवली — चांगली बोटभर जाड. मी नको नको म्हणत होते, पण ताईपुढे माझं कधी चाललंय?

सुतार गेल्यावर कॅपचा विषय निघाला. त्यात विचार कसला करतेस, म्हणाली, दणकट ती घे. मी म्हटलं, दणकट घेतली तर मीच कबूल केल्यासारखं होईल की तो पुन्हा हात उचलणार. ताईने चहाचा कप खाली ठेवला.

"मग कर ना कबूल," ती म्हणाली.

मला रागच आला तिचा. ती गेल्यावर कडी लावून पाहिली. आतून लावली की खोली एवढीशी वाटते.

८ फेब्रुवारी, रविवार

केंद्रातून फोन. चिरंजीवांचा आवाज बारीक झालाय. जेवलीस का, बरी आहेस ना — पाहुण्याशी बोलावं तसं. मग म्हणाला, "तुझे दात?" मी म्हटलं, होतायत. शेवटी तिथल्या समुपदेशक बाईंनी फोन घेतला. विश्वास ठेवा म्हणाल्या, घरच्यांच्या डोळ्यांतली भीती या मुलांना लगेच दिसते, ती फार लागते.

म्हणजे आता डोळेही मीच सांभाळायचे!

९ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टरला फोन करून विचारलंच — समजा मार बसला तर? ती म्हणाली, झिरकोनिया सहसा तुटणार नाही, पण फार जोराचा असेल तर खालचं मूळ दुखावू शकतं. झालं! एवढं करूनही पूर्ण खात्री कशाचीच नाही. "मार" म्हटलं मी. "पडले तर" म्हणायचं होतं. तिच्या लक्षात आलं असेल का?

११ फेब्रुवारी, बुधवार

ठरलं. काचेचीच.

दुपारी दुकान रिकामं होतं तेव्हा गिऱ्हाइकांच्या आरशात बराच वेळ पाहिलं. माझे दात चांगले होते. हे नेहमी म्हणायचे, तुझं हसू बघून होकार दिला, बाकी काही पाहिलंच नाही. हे गेले तेव्हा मुलगा शाळेत होता. माझ्या मांडीवर डोकं ठेवून माझेच दात मोजायचा, आणि मोजता मोजता झोपायचा. त्याच्यासाठी दणकट कॅप बसवू? मी आई आहे त्याची, पहारेकरी नाही. रोज आरशात त्या पांढऱ्याफटक दातांनी मला सांगावं की तुझ्या पोराचा भरवसा नाही — नको.

हे दुपारचं. आता संध्याकाळ झालीय. जिन्यात कुणाची तरी पावलं वाजली आणि माझा हात थांबला. तो पिऊन यायचा तेव्हा दुसऱ्या मजल्यावर थबकायचा. श्वास घ्यायला की शिव्या जमवायला, देव जाणे. त्या थबकण्यात मी किल्ल्या कमरेला खोचायचे. आजही खोचल्या. पावलं शेजाऱ्यांकडे गेली. तो तर इथे नाहीसुद्धा!

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

त्याची खोली झाडली. चादर बदलली. कपाटाच्या किल्ल्या ताईकडे पाठवून दिल्या. विश्वास ठेवणारी बाई मी!

१५ फेब्रुवारी, रविवार

आला. केस बारीक कापलेत, गालफडं बसलीत. चपला काढून नीट जोडीने ठेवल्या — जन्मात कधी ठेवल्या नव्हत्या. चहा प्यायला, कप स्वतः विसळला. मला त्याचं हे शहाण्यासारखं वागणंही घाबरवतं. आरडाओरडा कुठून सुरू होतो ते मला ठाऊक होतं. हे ठाऊक नाही.

माझ्या खोलीच्या दारात उभा राहिला. कडी दिसली त्याला. तिच्यावरून अंगठा फिरवला, एकदाच.

झोपताना आवाज होऊ नये म्हणून कडी अगदी हळू सरकवली. तरी खट् झालंच. बाहेर तो खोकला.

१६ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी मी टेबलाशी सफरचंदाच्या बारीक फोडी करत होते. पुढच्या दातांनी चावता येत नाही ना. तो भांडी घासत होता, मी नको म्हणत असताना. हातातून कप निसटला आणि फरशीवर फुटला.

मी काय केलं ते मला नंतर कळलं. सुरी टाकून दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. पाठ भिंतीला टेकली होती.

तो माझ्याकडे पाहत होता. ओले हात तसेच, नळ चालू. मी हात खाली घेतले, म्हटलं, लागलं नाही ना तुला? त्याने नळ बंद केला, खाली बसून तुकडे वेचले. बारीकसुद्धा, बोटाने टिपून टिपून. मग दिवसभर खोलीतून बाहेर आला नाही. मी दुकानात गेले, चार माणसांना चष्मे दिले, कुणाला काय दिलं ते आठवत नाही.

आता डोळे सांभाळून तरी काय उपयोग? दिसलंच त्याला सगळं. या धक्क्याने पुन्हा प्यायला लागला तर? माझ्याच हातांनी केलं म्हणायचं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

उद्या माप. एकटी जाईन म्हणाले. तो म्हणाला, येतो. काचेचीच सांगणार आहे, त्याच्यासमोर. तेवढं तरी करता येईल मला.

१८ फेब्रुवारी, बुधवार

खुर्चीत आडवी होते, तोंडात कापसाचे बोळे. तो दाराशी स्टुलावर. डॉक्टरने दोन्ही कॅप पुढे धरल्या — ठरलं का, काकू? बोलता येत नव्हतं. मी काचेच्या कॅपवर बोट ठेवलं.

"दणकट असेल ती बसवा," तो मागून म्हणाला.

डॉक्टर हसून म्हणाली, अहो, पुढच्या दातांना हीच छान दिसेल. एकदा पडल्या म्हणून काय रोज पडणार आहेत?

"ती पडली नव्हती, डॉक्टर. मी मारलं होतं." स्टूल सरकल्याचा आवाज आला. "आता पीत नाही मी. पण दणकट असेल तीच बसवा."

मला मागे वळून बघता येत नव्हतं.

मी बोट उचललं आणि दुसऱ्या कॅपवर ठेवलं.