निळ्या कोपऱ्यातलं पुनरागमन

३ फेब्रुवारी, माग्डेबुर्ग
बोलमानचा फोन! प्रमोटरला शेवटी माझी आठवण झाली. ८ मार्चला श्वेरीनला बॉक्सिंगची लढत. समोर त्यांचं लाडकं पोरगं, तिमो. अजून एकदाही हरलेलं नाही. हे नीट पार पडलं तर वर्षभर लढती देतो म्हणाला. नाहीतर ग्लोव्ह्ज खुंटीला, असं अंके म्हणाली. बायको आहे, बोलणारच.
उद्यापासून पहाटे पळणे. बिअर बंद.

४ फेब्रुवारी
बर्फ. पळणे रद्द. गुडघे हेच भांडवल, ते कोण असं उधळतं?

११ फेब्रुवारी
वजन ११८. हेवीवेटला वरची मर्यादाच नाही, मग डाएट कुणासाठी? सॉसेज, बटाट्याचं सॅलड. बिअर एकच (मोठी).

२० फेब्रुवारी
पोस्टर लागलं. तिमोचा फोटो दाराएवढा. माझं नाव तळाला. आमचा ट्रेनर उवे म्हणाला, हार्टमुट, भिंग आणू का? जळतो मेला.

१ मार्च
बोलमानचा पुन्हा फोन. पोराला चार राउंड हात चालवू दे, उगाच अंगावर जाऊ नकोस म्हणाला. घाबरलाय बिचारा! उवे म्हणतो, अरे बाबा, तुला हरायला बोलावलंय, पाहुणे त्यासाठीच आणतात. उवेला धंद्यातलं काय कळतं!

९ मार्च
काल मला निळा कोपरा दिला. पाहुण्यांचा मान. रिंगमध्येही आधी मलाच बोलावलं. दुसऱ्या राउंडला दम संपला. पडू नये म्हणून डोळे मिटून उजवा हात फिरवला. उघडले तर तिमो आडवा! रेफरीने दहा मोजले. हॉल चिडीचूप. एकटा उवे ओरडत होता, गाढवा, काय करून बसलास! आनंदात माणूस काहीही बोलतो.

१७ मार्च
फोन नाही. बर्लिनची मोठी लढत ठरवत असणार. वेळ लागतोच.

२ एप्रिल
फोन नाही. बिघडला असेल म्हणून अंकेला तिच्या फोनवरून लावायला सांगितलं. वाजतो.

२६ एप्रिल
शेवटी मीच केला. बोलमान म्हणाला, पोरं घडवायला भरवशाचा माणूस लागतो. तू जिंकलास. आता तुझ्यासमोर आपलं पोरगं कोण उभं करणार? मी म्हणालो, पुढच्या वेळी हरेन की! तोंडातून निघूनच गेलं. लाज वाटली. तो जरा मऊ झाला. म्हणाला, मे महिन्यात हॉलच्या दारावर तिकिटं बघायला माणूस हवाय.
अंकेला एवढंच सांगितलं, की बोलमानने बोलावलंय. कुणाशी लढत, तिने विचारलं. म्हटलं, ठरायचंय अजून.
ती उठली आणि माझी रिंगची शॉर्ट्स इस्त्री करायला घेतली.