तिसऱ्या टाकीतला कोळसा

५ एप्रिल
आले एकदाची! सोलापुरातल्या सात रस्त्याच्या गोंगाटातून सुटले. विजापूर रोडवरच्या या सोसायटीत वारा आहे, उजेड आहे आणि पुस्तकांना पुरतील एवढ्या भिंती. शेजारच्या सावित्रम्मांनी शेंगाचटणी आणि कडक भाकरी आणून दिली. बाई बडबडी, पण चटणी फर्मास. सेक्रेटरी प्रभुलिंग यांनी सांडपाणी शुद्ध करायचा प्रकल्प दाखवला: आधी गाळणी, मग ओझोन, शेवटी तिसऱ्या टाकीत कोळसा. मी जन्मभर पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम केलं हे ठाऊक नसल्याने त्यांनी मलाच ओझोन समजावून सांगितला. ऐकून घेतलं. पहिलाच दिवस होता.

९ एप्रिल
तिसरी टाकी उघडायला लावली. कोळसा नाही, पांढरी वाळू! प्रकल्प चालवणारा गुरप्पा म्हणाला, 'महिला मंडळ बघाय आल्तं. काळं बघून बायास्नी किळस आली, मग काढाय लावला की.' ओझोनच्या वासाने कुणाला तरी शिंका आल्या, म्हणून तोही बंद. प्रभुलिंगना सांगितलं, गिळलेल्या गोळ्यांचा बराच अंश लघवीतून सांडपाण्यात जातो. तो दिसत नाही, वाळूत अडकत नाही, कोळसाच त्याला धरतो. ते म्हणाले, 'पाणी नितळ दिसतंय की मॅडम.' आमच्या शाळेतल्या सिस्टर अ‍ॅग्नेसनी या माणसाला वर्गाबाहेर उभं केलं असतं, आणि तिथेच विसरल्या असत्या.

१७ एप्रिल
उजनी धरणाचं पाणी लांबलं की ही शहाणी मंडळी शुद्ध केलेलं सांडपाणी पिण्याच्या टाकीत चढवतात. आज कळलं. पितात, सोडतात, पुन्हा तेच पितात. दर फेरीला गोळ्यांचा अंश वाढतो. आणि गोळ्या कसल्या? सावित्रम्मा कौतुकाने म्हणाल्या, 'घरोघरी मन शांत ऱ्हायाच्या गोळ्या हायत, अक्का.' मी लगेच विकतच्या पाण्याचा जार लावला. सोसायटीच्या सभेत सर्वांना मूर्ख म्हटलं. कुणीही भांडलं नाही. सोलापुरात, पाण्यावरून, कुणीही नाही. नुसते हसत बसले.

२३ एप्रिल
सावित्रम्मांचं दार उघडंच होतं. त्यांचा तळहात तापल्या तव्यावर होता. कातडी जळल्याचा वास. 'बसा की अक्का, भाकरी होतीय.' हात ओढून पाण्यात धरला. त्यांनी आभार मानले, आणि हात पुन्हा तव्याकडे नेला.
त्यांच्या मुलाला बोलावून त्यांना दवाखान्यात पाठवलं. तोही हसत होता.

२७ एप्रिल
महापालिकेला तक्रार लिहायला बसले. राग आला की माझी वाक्यं सरसर येतात. आज एकही येईना. जारचंच पाणी पिते, तरी? खाली गेले. जारवाला आमच्याच टाकीच्या नळाला जार लावून निवांत बसला होता.
भाचीकडे निघून जाता येईल. पण तो हात पाहिल्यावर कशी जाऊ? कोळसा मीच मागवलाय. परवा पोती येतील. इथे कोणालाच काही सुचत नाही. कोळसा टाकीत पडेपर्यंत माझं डोकं शाबूत राहिलं पाहिजे. आता फक्त शहाळी.

२८ एप्रिल
नळाखाली ओंजळ धरून उभी होते. कधी उठले?
प्रभुलिंग मूर्ख आहे. लिहून ठेवते. मूर्ख, बेजबाबदार, बिनडोक — शब्द आठवतात. चटका बसत नाही.
दार बोटांवर आपटलं. नख काळं पडलं. दुखलं नाही —
दुखायला हवं.

२९ एप्रिल
शहाळी संपली. असो —
असो? मी कधी 'असो' म्हणाले नाही.
पोती आली. गुरप्पा दारात उभा आहे. त्याला आठवेना, पोती कशासाठी आणि कुठे टाकायची. मलाच विचारतो. मला माहीत आहे. एक — एक काहीतरी होतं, काळं, ते धरून ठेवतं — काय धरतं? घाई नाही म्हणाला. किती गुणी माणूस. सगळीच किती — सांगते रे, सांगते, जरा बस, ते कोळशाचं —