मालन आत्याची पुरचुंडी आणि तिसरं पान

चिंचपोकळी, एप्रिल

तीर्थस्वरूप मालन आत्यास,

अक्षदाचा नमस्कार, आणि आधी तुझ्या गुडघ्याची चौकशी. ऑपरेशननंतर तू काठी घेऊन चालतेस असं बाबा म्हणतात. काठी घेऊन विहिरीवर जातेस असं तुझ्या शेजारच्या शांताकाकू म्हणतात. खरं काय ते तूच कळव. इकडे सगळ्यांच्या तब्येती ठीक आहेत, फक्त गुणाजीकाकांची वेबसाइट आजारी आहे.

तुला आठवत असेल, काकांच्या लालबागच्या मसाल्याच्या दुकानासाठी दोन वर्षांपूर्वी मी ती केली आणि तिच्यावर तुझी मालवणी मसाल्याची कृती तुझ्या फोटोसकट टाकली. (फोटोत तू रागावलेली दिसतेस. दुसरा लावू का विचारलं तर काका नको म्हणाले. अशाने गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो.) कोणीही ‘मालवणी मसाला घरी कसा करायचा’ असं शोधलं की सगळ्यात वर तूच यायचीस. लोक कृती वाचायचे, मिरच्या भाजायच्या कल्पनेनेच दमायचे आणि खालचं बटण दाबून तयार मसाला मागवायचे. गिरणगावातलं जे गिऱ्हाईक बदलापूर-विरारला गेलं, ते याच वाटेने परत आलं.

मार्चमध्ये, ऐन हंगामात, सर्च इंजिनने आपले नियम बदलले. वर्षातून काही वेळा ते असं करतं आणि दोन ओळींत कळवतं. कोण वर, कोण खाली हे पुष्कळ गोष्टींवर ठरतं. त्यांतल्या बऱ्याच ते सांगतं, या खेपेला नेमकी कुठली बदलली ते सांगत नाही. अनुभवाचं लिहा, वाचणाऱ्याच्या उपयोगाचं लिहा, एवढाच उपदेश. तुझी कृती पहिल्या पानावरून तिसऱ्या पानावर गेली. तिसरं पान म्हणजे चाळीमागची गल्ली. असते, पण मुद्दाम कोणी जात नाही.

काकांना हे पटेना, कारण त्यांच्या मोबाइलवर ती पहिलीच दिसत होती. दुकानात उदबत्ती ओवाळून झाली की ते रोज स्वतःचीच वेबसाइट शोधून उघडतात, त्यामुळे त्यांच्या फोनला त्यांची आवड पाठ झाली आहे. मी काकीच्या फोनवर शोधून दाखवलं. त्यावर काका म्हणाले, “तो फोन तिच्या भावाने दिलाय. तो आपल्याला वर कशाला दाखवील?”

मग उपाय सुरू झाले. दुकानासमोर मोबाइलची कव्हरं विकणारा वैभव म्हणाला, शब्द कमी पडतायत. काकांनी मला न विचारता त्याला पासवर्ड दिला आणि त्याने तुझ्या प्रत्येक वाक्यात तोच मजकूर घातला. (‘लालबागच्या अस्सल मालवणी मसाल्यासाठी लालबागच्या अस्सल मालवणी मसाल्याच्या मिरच्या उन्हात वाळवाव्यात.’) आपण सहाव्या पानावर गेलो. ते मी निस्तरलं, तोवर काकीने चाळीच्या ग्रुपवर कौतुकाच्या चार ओळी पाठवल्या आणि सगळ्यांनी त्या दुकानाच्या नावाखाली जशाच्या तशा चिकटवल्या, शेवटच्या ‘हे सगळ्यांनी टाका’सकट. सर्च इंजिनने त्या सगळ्या खोट्या ठरवून उडवल्या. उरला तो तळमजल्यावरच्या चिंतामणी मास्तरांचा एकट्याचा अभिप्राय: ‘मला तिखट चालत नाही, पण माणसं चांगली आहेत.’

आता काकांनी ठरवलंय की मेअखेरपर्यंत पार्सलं वाढली नाहीत तर अर्धा गाळा वैभवला भाड्याने द्यायचा. (याचा वैभवच्या उपायाशी संबंध आहे असं मी म्हणत नाही.) मसाला कुटायचा डंख बाहेरच्या अंगाला आहे, म्हणजे आधी तोच जाणार.

मला मात्र कारण हवं होतं. म्हणून कृतीखाली लोकांनी काय लिहिलंय ते पहिल्यांदाच नीट वाचलं. नाशिकच्या कुणी मनवा लिहितात: ‘सगळं दिल्याप्रमाणे केलं. रंग आला, वास आला, पण तुमच्या पाकिटासारखा झाला नाही. काहीतरी राहिलंय.’ अशा आणखीही तक्रारी होत्या. मग मी स्वतः करून पाहिला. सगळं काट्यावर मोजून, काकांच्याच मिरच्या, काकांच्याच डंखावर कुटून. नाही झाला. काकांना विचारलं तर ते अगदी सहज म्हणाले, “नाहीच होणार. मालनची पुरचुंडी कुठाय त्यात?”

दर हंगामात तू गावाहून जी पूड बांधून पाठवतेस ती ते घाण्यात ओततात, आणि आत काय आहे हे इतक्या वर्षांत त्यांनी विचारलेलं नाही.

म्हणजे आत्या, तुझी आणि सर्च इंजिनची पद्धत एकच. सगळी कृती मोकळेपणाने सांगायची आणि एक जिन्नस मागे ठेवायचा. मला राग आला नाही, कुतूहल वाटलं. पण मनवाबाईंचा मसाला बिघडतो आणि त्या दुसऱ्या कोणाची कृती शोधायला जातात. आपण खाली गेलो ते यामुळेच, असं मी सिद्ध करू शकत नाही. दुसरं कारण मला सापडलेलं नाही, इतकंच.

गुडघ्याला जप. विहिरीवर दुसऱ्या कोणालातरी पाठव.

तुझी,
अक्षदा

ता. क. फोनवरच विचारलं असतं, पण मसाल्याचा विषय निघाला की तुझ्याकडची रेंज जाते. पुरचुंडीत काय असतं? कृतीत घालायचं आहे. कदाचित गाळा वाचेल. सोबत तिकीट लावलेलं पाकीट ठेवलं आहे.

आणखी ता. क. पत्र टाकायचं राहून गेलं. दरम्यान नियम पुन्हा बदलले आणि मी एक अक्षरही न बदलता तुझी कृती पहिल्या पानावर परत आली. काकीच्या फोनवरसुद्धा. पार्सलं सुरू झाली, डंख जागेवर आहे. माझं वरचं अनुमान त्यामुळे डळमळीत झालं आहे. वेबसाइटला आता तुझ्या जिन्नसाची गरज नाही. मला आहे. पाकीट तसंच ठेवते.

शेवटची ता. क. अक्षदाने शिक्षण वापरून कृती वर आणली, असं काका लालबागभर सांगतात. कशी आणली हे वैभव रोज विचारतो. मी त्याला सगळं सविस्तर समजावते, फक्त मी काहीच केलं नाही एवढं सोडून. तेव्हा जिन्नस कोणाच्या हाती देतेस याची काळजी करू नकोस.