बरा होऊन निघून गेला

अकोला, ४ मे २००६
आज टॉवेल गेला. नवा होता, निळ्या काठाचा. अपघातातलं कुत्रं घेऊन आलेल्या अनोळखी सद्गृहस्थांनी रक्ताचे हात पुसले, टॉवेल खांद्यावर टाकला आणि निघाले. कुत्रं तेवढं इथंच विसरले. जगात न्याय उरला नाही. जनावरांच्या पदवीधर डॉक्टरनं आता हात पँटीला पुसायचे!

६ मे
पूर्वी दवाखान्यात बैल यायचे. खेड्यांतले बैल विकले गेले. आता रस्त्यावरची मोडकी कुत्री येतात. आणणारा प्रत्येक जण म्हणतो, ‘उद्या चक्कर मारतो.’ मारत नाही. पुढं कधी बाजारात भेटलाच, तर माझं वाक्य तयार असतं — बरा झाला, निघून गेला. त्याचा चेहरा हलका होतो. माझाही.
मैनाबाई झाडू मारता मारता म्हणाली, “सारेच बरे होऊन जातात, मंग गल्लीत एकबी दिसत कावून नाई?” हिला विचारलं कोणी!

९ मे
जठारपेठेतली नसीमबानो ऑटोतून आली. शिलाई करते म्हणे. हिरव्या ओढणीत गुंडाळलेलं तपकिरी कुत्रं, ट्रकनं उडवलेलं. मागच्या पायाला चिमटा काढला. काहीच नाही. कणा तुटलेला.
“वाचते का, डॉक्टरसाब?”
“बघू. उद्या या.”
ती गेली. मग शेवटची सुई दिली.
ओढणी धुऊन टॉवेलच्या खिळ्याला अडकवली. हात पुसायला बरी आहे.

१० मे
आली — खरंच आली! डब्यात दूध-रोटी. मी वाक्य म्हटलं.
“चालत गेला?”
“पळत.”
हसली बिचारी. ओढणी मागितली नाही. मीही काढली नाही.

१७ मे
मैनाबाईची बातमी : नसीमबानो रोज संध्याकाळी हायवेच्या वळणावर रोट्या घेऊन उभी राहते. त्याला हाका मारते. तो येत नाही. बाकीची सगळी उपाशी कुत्री येतात. भर रस्त्यात.
जाऊन सांगणार होतो. ऊन फार होतं.

२१ मे
नसीमबानो. दुसरी ओढणी. दुसरं तपकिरी कुत्रं.
“सापडला, डॉक्टरसाब. रोटी घ्याले धावला, आन् मागून गाडी आली. तुमी मागं बरा केलता ना याले?”
पाय चिमटून पाहिले. तेच.
कळ थांबायचं औषध दिलंय. ती बाहेर बाकावर आहे. मी आत लिहीत बसलोय. सुई भरायला खरं तर एवढा वेळ लागत नाही.

तोच दिवस
सांगितलं. हा तो नाही. तो आणला त्याच दिवशी गेला, मीच सुई दिली. हाही वाचणार नाही.
ती बाकावरून उठून आत आली. मग म्हणाली, “आता बाहेर नाई जात मी.” मी सुई देईपर्यंत कुत्र्याचं डोकं तिनंच धरलं.
नंतर मी हात पँटीला पुसले. खिळ्यावरची हिरवी ओढणी काढली, घडी केली, तिच्या पिशवीत ठेवली.