थाळी वाजवून फुटबॉल

पडेगाव,
सोमवार, सकाळ

चि. सुदर्शन, ताईचा पोटभर आशीर्वाद.

तुझी धरलेली कंबर आता वाकत असंल, शाळेतली पोरं तुझं ऐकत असतील, तुझ्या मोनिकाचा खोकला गेला असंल. मी इकडं खुशाल हाय असं लिहायची रीत हाय, म्हणून लिहिते. फोनच करणार होते. पण तुझ्या दाजींचं नाव निघालं की तू रडतो, मग मीच तुझी समजूत घालते, आन् बोलायचं ते राहून जातं.

तर दाजी गेल्यावर मी उंबऱ्याबाहेर पडत नव्हते, तेव्हाची गोष्ट. एका संध्याकाळी ते फुटबॉल शिकवायचे त्या पोरी गेटवर येऊन उभ्या. त्यातली तनुजा म्हणली, काकू, बॉल तुमच्या घरात हाय. (मला वाटलं होतं, भेटायला आल्या.) मोठं माणूस असल्याबिगर आया खेळू देत नायत, तुम्ही नुसतं बसा, म्हणल्या. बसले. मग उभी राहिले. आता पळते. शेजारची भागूबाई म्हणती, वर्ष सरलं नाय आन् बाई ग्राउंडात उड्या मारती. मारते. घरात बसून तरी कुणासाठी भाकरी थापू?

पण शिकवायचं काय, ते मला कुठं ठाऊक? पाखरं हाकल्यावानी ओरडते, तिकडं, तिकडं. तिकडं म्हणजे कुठं, ते मलाच माहीत नसतं. शिट्टीच्या जागी थाळी-लाटणं वाजवते (पहिल्यांदा वाजवलं तेव्हा भंगारवाला थांबला, पोरी थांबल्या नायत). काल शेंद्र्याच्या पोरींसंगं मॅच होती. तनुजा गोलात उन्हात उभी, तोंड लालबुंद. माझ्यानं बघवंना. हाक मारली, ये गं, घोटभर पाणी पिऊन जा. गुणाची पोरगी, लगेच आली. तेवढ्यात गोल झाला. करपल्या भाजीकडं सासू बघती तशी आमची कॅप्टन अपेक्षा माझ्याकडं बघत होती.

हरलो. येताना ॲपे रिक्षात बसलो. मी विचारलं, हरल्यावर तुमचे सर काय करायचे? (घरी वरणात मीठ कमी पडलं तरी अबोला धरणारा माणूस.) तर म्हणल्या, रागवायचे नायत. जिची चूक झाली तिच्याजवळ बॉल द्यायचे, उद्या येताना घेऊन ये म्हणायचे. चुकलेली पोरगी दुसऱ्या दिवशी यायला लाजती. बॉल घरी असला की यावंच लागतं. सुदर्शन, मला लई राग आला. एवढी माया होती त्या माणसाजवळ, आन् संसार करून मला तिचा पत्ता नाय. मग रडले, रिक्षातच, पोरींदेखत.

तू खेळाचा मास्तर. तिकडं सिल्लोडात एखादा चांगला कोच बघ. नियम येणारा, गोलकीपरला पाणी प्यायला न बोलावणारा. हे माझं काम नाय.

तुझी,
द्वारकाताई

ता. क. येणाऱ्याला सांग, शिट्टी स्वतःची आणावी. दाजींची खुंटीला हाय, ती त्यांच्या तोंडची हाय. मी अजून धुतलीसुद्धा नाय.

पुन्हा ता. क. एक लिहायचं राहिलं. काल रिक्षातून उतरताना अपेक्षानं बॉल माझ्या हातात दिला. काकू, उद्या येताना घेऊन या, म्हणली. तवा कोच राहू दे. शिट्टी तेवढी पाठव, माझ्यासाठी. थाळीला पोचे पडलेत.