मेंदूचा व्यायाम, एकूण गुण वीस

३ नोव्हेंबर, सकाळ
आजपासून माझ्या वेबसाईटवर मेंदूचे खेळ टाकणार. वेबसाईट रिटायरमेंटला पुतण्या पवनने करून दिली होती. तिच्यावर माझा फोटो आणि एसटीच्या रिसोड डेपोचं जुनं टाइमटेबल, एवढंच आहे. पंधरा वर्षं कंट्रोलर होतो, अख्ख्या स्टँडला शिस्त लावली. एका बायकोची आठवण वेळेवर आणणं काय अवघड आहे बुवा?
काल मनकर्णाने कुकरमध्ये पाणीच टाकलं नाही. परवा देवळातून येताना शेजारच्या घरात शिरली. योगिनी पुण्याहून फोनवर म्हणते, बाबा, आईले अकोल्याच्या मेंदूच्या डॉक्टरले दाखवा न. लेक आहे, घाबरते. अहो, सवय सुटली आहे, दुसरं काही नाही. दोन महिन्यांत ठणठणीत करतो. लिहून ठेवतोय.

९ नोव्हेंबर
व्हिडिओ बघून बघून पहिला खेळ तयार. 'जोड्या लावा'. सगळ्या भाज्या. मनकर्णाने तीन जोड्या लावल्या आणि विचारलं, एवढे वांगे कायले आनले? विनोदबुद्धी शाबूत.

१७ नोव्हेंबर
दुसरा खेळ. रिसोड ते कारंजा, मधले थांबे क्रमाने लावायचे. किन्हीराजा तिचं माहेर. तिथपर्यंत आली आणि पुढे हलेचना. म्हणे, मी इथंच उतरते, माय वाट पाहून राह्यली. सासूबाई जाऊन बावीस वर्षं झाली. म्हणजे खेळ फारच खरा वाटतो. डिझाइन जमलं.

२ डिसेंबर, दुपार
तिसरा खेळ, 'ओळखा पाहू'. नातेवाइकांचे वीस फोटो. तिने मोठ्यानं नाव सांगायचं, मी बरोबर किंवा चूक दाबायचं. अकरा बरोबर!
माझा फोटो आला तेव्हा मात्र गप्प. पदर नीट केला, हसली. मी चूक दाबणार होतो. मग डोक्यात आलं, ही नाव घेईल कशी? चव्वेचाळीस वर्षांत लग्नातल्या उखाण्याशिवाय तिच्या तोंडून माझं नाव निघालेलं नाही. दवाखान्यात केसपेपर काढायला गेली तरी माझं नाव शेजारणीला सांगायला लावते. म्हणून प्रोग्राममध्ये सोय केली: माझ्या फोटोला गप्प बसली तर पूर्ण मार्क. बारा गुण. संस्कारही शाबूत.

२१ डिसेंबर
लांबचे नातेवाईक काढून टाकले. कोण लक्षात ठेवतं त्यांना? लग्नात जेवतात आणि जातात. आता दहा फोटो. गुण चार. थंडी आहे. थंडीत माझाही मेंदू दहा वाजल्याशिवाय चालू होत नाही.

८ जानेवारी
पाच फोटो. गुण दोन. त्यातला एक माझा.
योगिनी आली आहे. मनकर्णाने तिला ताई म्हटलं, बसा म्हटलं. पोरगी स्वयंपाकघरात जाऊन रडली. मी समजावलं, ताई म्हणणं हा आदर आहे. तर माझ्यावरच ओरडली. म्हणे, काहून असं करता बाबा, बारा तारखेची अपॉइंटमेंट घेतली मी, आईले घेऊन जा.

१२ जानेवारी
अपॉइंटमेंट कॅन्सल केली. योगिनी काल परत गेली, तिला अजून सांगितलं नाही. आज नवीन लेव्हल टाकायची होती. आणि खरं सांगायचं तर, डॉक्टर काय म्हणेल याची भीती वाटली. हे वाक्य नंतर खोडायचं.

२६ जानेवारी
आता एकच फोटो ठेवला. माझा. मनकर्णा गप्प. एकापैकी एक. शंभर टक्के! योगिनीला स्क्रीनशॉट पाठवला.

११ फेब्रुवारी, दुपार
कॉम्प्युटरपुढे बसलो होतो. मनकर्णा दारात आली, जरा वेळ बघत राहिली, मग आतून पाण्याचा ग्लास घेऊन आली. म्हणाली, कवाचे बसले तुमी, घरचे मानसं येतीनच इतक्यात. मग विचारलं, नाव काय तुमचं?
सांगितलं.
उकंडराव, ती म्हणाली. मोठ्यानं, साफ. लाजली नाही. पुन्हा एकदा म्हणाली. मग समोर बसून म्हणाली, तुमच्या मायचे आंधीचे लेकरं जगले नसतीन, म्हनून नजर लागू नये असं उकंड्यावरचं नाव ठेवलं असन. मी हो म्हटलं. माझ्याआधी दोन गेले होते. माय वो, म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि माझ्याही.
म्हणजे ती लाजत नव्हती. तिला माहीतच नव्हतं. कधीपासून, ते आता कळायचा मार्ग नाही, कारण मी दर वेळेस मार्क देत गेलो.
योगिनीला फोन करून सगळं सांगितलं, कॅन्सल केलेलंही. ती म्हणाली, आता एप्रिलशिवाय नंबर लागत नाही.
आतून मनकर्णा विचारते आहे, पाव्हने जेवून जातीन का.
हो म्हटलं.