इथे एकदाच विचारतात

लायप्झिग, रविवार

तीर्थरूप आईस,
सप्रेम जय भीम.

मी बरा आहे. खोली उबदार आहे, वरण-भात रोज करतो. भाषाशाळेत उर्सुला मॅडम हिंदी शिकवतात आणि मी विद्यार्थ्यांकडून बोलण्याचा सराव करून घेतो. माझं बी.ए. अर्धवट आहे, म्हणून प्रत्येक शब्द दोनदा तपासूनच फळ्यावर लिहितो. अजून चूक निघालेली नाही.

एक चूक मात्र वर्गाबाहेर झाली. फोनवर सांगितली नाही, तू उगाच रडली असतीस. पहिल्या दिवशी मधल्या सुट्टीत सगळे शिक्षक एकत्र जेवायला बसले. उर्सुला मॅडमनी विचारलं, "आमच्यासोबत जेवणार?" मी आपल्या रीतीप्रमाणे "नको, नको" म्हटलं आणि पुन्हा विचारतील म्हणून उभा राहिलो. त्या हसून "बरं" म्हणाल्या आणि जेवू लागल्या.

त्याला सहा आठवडे झाले. मी डबा खिडकीपाशी एकटाच खातो. त्यांना वाटतं, मला तेच आवडतं. आता स्वतःहून कसं विचारायचं, ते कळत नाही.

तुझा गुडघा कसा आहे? आपल्या नंदनवन वस्तीत थंडी पडली का?

आपल्या घरी वरच्या खोलीत ओडिशाच्या एक नर्सबाई राहायला आल्या, असं आपली पिंकी म्हणाली. त्यांना जेवायला बोलाव. त्या नको म्हणतील. तू आपली नेहमीसारखी म्हण, "काहून लाजून राहिली वं? चाल, ताट वाढलं मी." आणि त्या खाली येईपर्यंत त्यांच्या दारातून हलू नको.

तुझा,
सुगत